देवीच्या पाठीवरची गाठ

खापरं धुवायला टूथब्रश लागतो आणि तोही मऊ केसांचा, हे सासूबाईंना पहिल्याच गुरुवारी पटलं. पटलं नव्हतं ते दुसरंच.

"आमच्याकडे फुटकं भांडं कुणी घरात ठेवत नाही," त्या बेसिनवर वाकून म्हणाल्या होत्या. "आणि ही माणसं दोन हजार वर्षांचं फुटकं सांभाळतायत. वर धुतायत!"

शेजारी रे उभा होता. निवृत्त बस ड्रायव्हर, आमचा सगळ्यांत जुना स्वयंसेवक. त्याने विचारलं, काय म्हणाल्या? मी इंग्रजीत सांगितलं. "शी शुड सी माय किचन," तो म्हणाला, आणि ते सासूबाईंना माझ्या मदतीशिवाय कळलं. सासरे गेल्यानंतर त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आमचं म्युझियम म्हणजे युनिव्हर्सिटीच्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, खाली तळघर आणि मागे माझी लॅब. वस्तू सगळ्या एकाच गावच्या. लिसांद्रिया हे ग्रीकांनी वसवलेलं आणि पुढे रोमनांच्या हातात गेलेलं शहर, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर. इथल्या प्राध्यापकांनी पूर्वी तिथे उत्खनन केलं आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वाट्याला आलेल्या वस्तू पेट्यांत भरून सिडनीला आणल्या. दिवे, नाणी, काचेच्या अत्तराच्या कुप्या, आणि खापरांचे तर ढीग, ज्यांतले निम्मे अजून धुतलेलेही नाहीत. मी तिथली कॉन्झर्व्हेटर. शिक्षण रसायनशास्त्रातलं, धातूंच्या गंजावर. वस्तू सुंदर करणं हे माझं काम नाही. आहे ती स्थिती टिकवणं हे काम आहे. हा फरक मला नोकरीच्या मुलाखतीत विचारला होता. घरी कुणी विचारला नव्हता, आणि मीही सांगितला नव्हता.

बाबा गेल्यावर माझ्या नवऱ्याने, अपूर्वने, साताऱ्याचा फ्लॅट रिकामा करून आईंना सिडनीच्या टोकाला, स्कोफिल्ड्सला आमच्या घरी आणलं. आमची कॉलनी नवी आहे. झाडं कमरेएवढी, रस्ते रिकामे, सगळी घरं एकाच रंगाची. अपूर्व आणि मी ऑफिसला, आमची मुलगी चारुता शाळेत. आई दिवसभर खिडकीशी बसत. एकदा फिरायला गेल्या आणि आपलं घर ओळखता येईना म्हणून दुसऱ्याच्याच दारात उभ्या राहिल्या. त्यानंतर बाहेर पडायच्या बंद झाल्या. मग मी फिओनाला विचारलं. फिओना म्हणजे आमची क्युरेटर. "शुअर, ब्रिंग हर," ती म्हणाली. "खापरं धुवायला माणसं हवीच आहेत."

तेव्हापासून गुरुवार आईंचा झाला. आदल्या रात्री साडी काढून ठेवायच्या. सकाळी माझ्याआधी तयार. ट्रेनमध्ये डबा मांडीवर धरून बसायच्या. त्यात सगळ्यांसाठी काहीतरी असायचंच, शंकरपाळे नाहीतर मेथीचे ठेपले. गळ्यात म्युझियमची ओळखपट्टी असायची. ती त्या स्टेशनवर उतरल्यावर नाही, तर घरून निघतानाच घालायच्या.

"कामाला निघाले," असं त्या शेजारच्या पंजाबी बाईंना हिंदीत सांगायच्या. "बहू के ऑफिस में."

लॅबमध्ये एका हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये एक ब्राँझची देवी होती. उंचीला वीतभर. लिसांद्रियातल्या एका घराच्या ढिगाऱ्याखाली, दारापासून दोन हातांवर ती सापडली होती. रोमन लोक घरात भिंतीच्या कोनाड्यात लहान लहान देव ठेवत, ही त्यांतलीच. भूकंपाच्या वेळी कुणीतरी तिला कोनाड्यातून काढून दारापर्यंत आणलं होतं. तिथून पुढे तिला कुणी नेलं नाही.

दिसायला ती काहीच नव्हती. नाक-डोळे गंजात बुडालेले, वर हिरवा खडबडीत थर. ज्यांना बघायला बोलवावं त्यांनी नजर टाकून पुढच्या काचेकडे जावं, अशी. पण त्या हिरव्या थरात, खांद्यापासून पाठीवर, कापड होतं. खरं कापड कधीच कुजलं. ते कुजत असताना तांब्याचे क्षार धाग्यांत शिरले आणि धाग्यांची जागा त्यांनी घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली उभा धागा आडव्या धाग्याखालून जाताना दिसत होता. एका ठिकाणी विणकर चुकला होता आणि दोन धागे एकत्र गेले होते. आणि पाठीवर, कमरेच्या जरा वर, गाठ होती. घाईत मारलेली, एकावर एक दोनदा. भूकंपात घर सोडताना कुणीतरी देवी फडक्यात बांधली होती आणि ते बांधणं त्या गाठीत शिल्लक होतं.

तीन वर्षं मी त्या थरावर काम करत होते. कापड लोकरीचं की जवसाच्या धाग्याचं, हे अजून ठरलं नव्हतं. फोटोवरून ते ठरत नाही. पुढच्या महिन्यात मेलबर्नच्या सिंक्रोट्रॉनवर, क्ष-किरणांच्या अवाढव्य यंत्रावर, मला वेळ मिळाला होता. तिथल्या किरणांनी थराला हात न लावता धाग्याच्या आतलं दिसलं असतं. त्यानंतर देवी परत जाणार होती. लिसांद्रियाजवळ तिथल्या लोकांनी नवं म्युझियम बांधलं होतं आणि फिओनाने ती परत देण्याचं कबूल केलं होतं. शुक्रवारी तिकडून सेव्दा नावाच्या पुरातत्त्वज्ञ बाई तिला बघायला येणार होत्या.

"तुझ्या देवीला बघायला पाहुणे येणार म्हणे," आई बुधवारी रात्री म्हणाल्या. रेने सांगितलं असणार.

"हो. उद्या तिचे फोटो काढायचेत." मी भांडी डिशवॉशरमध्ये लावत होते.

"घटस्थापना आली तोंडावर," त्या म्हणाल्या. त्यांच्यासमोर आमचे देव पाटावर वाळत होते. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक. चिंच-मिठाने घासलेले, सोन्यासारखे. साताऱ्याहून येताना ते त्यांनी बाबांच्या उपरण्यात बांधून स्वतःच्या पर्समधून आणले होते. बॅगेत टाकू दिले नव्हते. वाटीत उरलेला चिंचेचा कोळ त्या चमच्याने एका छोट्या डबीत भरत होत्या. मला वाटलं, आमटीला ठेवत असतील.

गुरुवारी फोटो झाले. देवी ट्रेमध्ये फोमवर ठेवून मी वर टिश्यू झाकला आणि वरच्या मजल्यावर देवीच्या प्रवासाची पेटी बनवणाऱ्या माणसाबरोबरच्या मीटिंगला गेले. मीटिंग लांबली. रे त्या दिवशी आला नव्हता. आई एकट्या बेसिनवर होत्या.

परत आले तेव्हा लॅबच्या दारातूनच मला चिंचेचा वास आला.

देवी टॉवेलवर उभी होती. पिवळी, लखलखीत. कपाळावर हळद-कुंकू. पुढ्यात बॉटलब्रशच्या झाडाचं लाल फूल.

"आलीस? बघ तरी," आई म्हणाल्या. पदराला हात पुसत होत्या. "केवढी मळलेली होती गं! इतके दिवस मी बघतेय, खापरं धुतात, बाटल्या पुसतात, आणि ही बिचारी अशीच. म्हटलं उद्या पाहुण्यांसमोर अशी नको. चिंच लावली आणि काय सांगू, फसफसून वर आलं सगळं. आपल्या अन्नपूर्णेला दुप्पट वेळ लागतो."

तो हिरवा थर मॅलाकाइटचा होता, म्हणजे तांब्याच्या कार्बोनेटचा. आम्ल लागलं की तो विरघळतो आणि वायू सुटतो, म्हणून फसफस. अकरावीच्या पुस्तकातला प्रयोग आहे. मी तो तिथे उभी राहून मनात पुन्हा वाचत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मी देवी उचलली आणि पाठमोरी केली. पाठ गुळगुळीत नव्हती. गंजाने आतपर्यंत खाल्लेलं होतं ते आता उघडं पडलं होतं, बारीक बारीक खड्डे. धागे नव्हते. गाठ नव्हती. कमरेच्या वर, जिथे ती होती, तिथे जरा जास्त चमक होती. तिथे जास्त घासावं लागलं असणार.

"नळ किती वेळ चालू होता?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"धुतलेलं पाणी कुठे गेलं?"

"बेसिनमध्येच की." त्यांचा चेहरा जरा उतरला. "सांडलं नाही गं मी काही. पुसून घेतलंय सगळं."

मी बेसिनची जाळी काढली. त्यात मातीचा गाळ होता, चिंचेचा एक दोरा होता. टूथब्रशच्या केसांत हिरवं अडकलं होतं. तो मी पिशवीत घालून बंद केला. टॉवेलही पिशवीत घातला. आई बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, आवरतेय.

"पण छान झाली ना?" त्या म्हणाल्या.

इथे मी काहीतरी म्हणू शकले असते. हो म्हणू शकले असते. मी त्यांना स्टुलावर बसवलं, कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडले आणि सांगितलं. आवाज चढवला नाही. मी वर्गात शिकवते तसंच सांगितलं: हा थर म्हणजे मळ नव्हता. हे उभे धागे, हे आडवे. इथे विणणारा चुकला. ही गाठ. भूकंप झाला तेव्हा घरातल्या कुणीतरी देवी कोनाड्यातून काढली, फडक्यात बांधली आणि दाराकडे धाव घेतली. बाई की पुरुष, माहीत नाही. त्या माणसाचं दुसरं काहीही उरलेलं नाही. ही गाठ तेवढी होती.

आई स्क्रीनकडे बघत होत्या. मध्ये त्यांनी बोट पुढे केलं आणि काचेवरून गाठीला लावलं.

"बांधली होती तिला?" त्या म्हणाल्या.

"हो."

"कापड कशाचं होतं?"

"ते पुढच्या महिन्यात कळणार होतं."

"आणि आता?"

"आता नाही कळणार."

"फोटो आहेत की तुझ्याकडे."

"फोटोवरून नाही कळत, आई."

मग त्यांनी टॉवेल मागितला, कुंकू पुसायला. मी म्हटलं, राहू दे, मी बघते. खरं तर मला त्यांचा हात पुन्हा तिला लागायला नको होता. त्यांना ते कळलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पदराखाली झाकले.

ट्रेनमध्ये आम्ही शेजारी बसलो. क्वेकर्स हिल स्टेशन आल्यावर त्यांनी गळ्यातली ओळखपट्टी काढली, तिची दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली.

रात्री अपूर्व माझ्यावर चिडला. दबक्या आवाजात, कारण आईंची खोली भिंतीपलीकडेच होती.

"एवढं सगळं सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हणून? तू काय व्हायवा देत होतीस?"

"मी खोटं सांगू?"

"छान झाली म्हणायचं. दोन शब्द. मग फिओनाला जे सांगायचं ते सांग. त्या बाईला एक गुरुवार होता, यामिनी. सात दिवसांत एक."

"आणि पुढच्या गुरुवारी दुसरं काही घासलं असतं तर?"

त्याने दिवा बंद केला. माझं उत्तर बरोबर होतं. मी अंथरुणावर पडल्या पडल्या ते पुन्हा पुन्हा तपासलं आणि प्रत्येक वेळी ते बरोबरच आलं.

शुक्रवारी सेव्दा आल्या. साठीच्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी. कपाळावरचं कुंकू मी काढलं होतं. देवी टेबलावर चमकत होती, एखाद्या दुकानातून कालच आणल्यासारखी. फिओनाने आधीच फोनवर कळवलं होतं, तरी मी पुन्हा सांगितलं. कुणी केलं, कशाने केलं, काय गेलं. "माझ्या सासूबाईंनी," मी म्हटलं. एका स्वयंसेवकाने, एवढंच म्हणून ते लपवता आलं असतं.

सेव्दांनी देवी हातात घेतली नाही. वाकून पाठ बघितली. सरळ होत म्हणाल्या, "माझ्या आजीने लिंबू आणि राख लावली असती."

मग त्यांनी विचारलं, धाग्याचा एखादा नमुना काढून ठेवला होता का? मी म्हटलं, नाही. थराला हात न लावता काम करायचं, असं मीच ठरवलं होतं.

त्यांनी मान हलवली. टेबलावरचे माझे फोटो एकेक करून पिशवीत ठेवले. जाताना म्हणाल्या, तरी ती पाठवा, ती तिथलीच आहे.

पण पाठवता आली नाही. मीठ लावलं होतं. मीठ म्हणजे क्लोराइड. एकदा ते उघड्या ब्राँझच्या खड्ड्यांत शिरलं की हवेतल्या ओलाव्याने आतून खात राहतं. मी देवी पुन्हा पुन्हा धुतली, रसायनात भिजवली, कोरड्या डब्यात ठेवली. तिसऱ्या आठवड्यात खांद्यावर फिक्या हिरव्या भुकटीचा ठिपका उमटला. मग गालावर. आमच्या क्षेत्रात याला ब्राँझचा रोग म्हणतात. तो थोपवता येतो, बरा होत नाही. असा रोग असलेली वस्तू दुसऱ्या म्युझियममध्ये नेत नाहीत, बाकीच्या वस्तूंजवळही ठेवत नाहीत. देवी आता तळघरात एकटी एका डब्यात आहे. मी दर सोमवारी डबा उघडून बघते.

टूथब्रशवरचं हिरवं मी सूक्ष्मदर्शकाखाली घातलं होतं. नायलॉनचे केस होते, टॉवेलचा सुती धागा होता. बाकी चिखल.

फिओनाने नवा नियम केला: लॅबमध्ये स्वयंसेवक नाहीत. खापरं धुण्याचं काम बंद झालं. रे आता बाहेर तिकिटाच्या टेबलावर बसतो. त्याने एकदा आईंबद्दल विचारलं, शोबा कशी आहे? ठेपले मिस करतो म्हणाला. फिओना वाईट नाही. तिने आईंसाठी कार्ड पाठवलं, नो वरीज, वी मिस यू असं लिहिलेलं. मी ते वाचून दाखवलं आणि सेव्दांचं आजीबद्दलचं बोलणंही सांगितलं. मला वाटलं होतं, त्याने बरं वाटेल.

"त्यांनी समजून घेतलं म्हणून ते परत येतं का?" आई म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. त्याचंही उत्तर मला येत होतं.

त्या वर्षी आमच्याकडे घट बसला नाही. आई म्हणाल्या, गुडघा दुखतोय, खाली बसवत नाही. त्या पुन्हा खिडकीशी बसू लागल्या. शेजारच्या पंजाबी बाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "आजकल काम पे नहीं जाते?" आई म्हणाल्या, "छुट्टी है." मग त्यांनी त्या बाजूच्या खिडकीत बसणं सोडलं.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी चारुता धावत आली. "मम्मा, व्हेअर आर द गॉड्स?"

देव्हारा रिकामा होता. खाली अंथरलेला लाल खण तेवढा होता, त्यावर देवांच्या बुडांचे फिके गोल. मी आईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या. कपाटाचं दार उघडं होतं आणि आत चादरींच्या वरच्या कप्प्यात, बाबांच्या उपरण्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"आई, देव उचलले?"

"काळे पडत होते."

"मग घासू ना. मी चिंच भिजवते."

मी स्वयंपाकघरात गेले, गरम पाण्यात चिंच भिजत घातली, मऊ झाल्यावर कोळून घेतली. मीठ घातलं. वाटी घेऊन त्यांच्या खोलीत आले आणि त्यांच्यापुढे जमिनीवर पाट मांडून बसले. मला वाटत होतं की मी तिथे बसले आणि माझ्या हाताला तो वास लागला, तर त्यांना काहीतरी कळेल. काय, ते मलाही सांगता आलं नसतं.

"चला," मी म्हटलं. "मला दाखवा कसं घासायचं ते. मला अजून धड येत नाही."

त्यांनी वाटीकडे बघितलं. मग कपाटाकडे.

"नको गं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "कशावर काय असतं, आपल्याला काय ठाऊक. माझ्या सासूबाईंनी घासले, मी घासले. इतकी वर्षं. काय काय पुसून टाकलं असेल."

"आई, आपल्या देवांवर तसं काही नसतं. ते रोज हाताळलेले असतात. त्यांच्यावर थर राहतच नाही."

"राहू देतच नाही आपण," त्या म्हणाल्या.

मी उठले. कपाटाशी गेले. गाठोड्यावरची गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. उपरण्याची दोन टोकं, एकावर एक दोनदा, घाईत. तिच्यातला धागा कुठून कुठे जातो ते मला बघावं लागलं नाही. मी तीन वर्षं तीच बघत होते. ती सोडायला हात पुढे केला.

"असू दे," आई मागून म्हणाल्या. "बांधलंय ते."

मी हात मागे घेतला. दार लावलं. वाटी उचलून स्वयंपाकघरात आले आणि चिंचेचं पाणी सिंकमध्ये ओतलं. सिंक स्टीलचं आहे. त्याला काही होत नाही.